नवव्या मजल्यावरचा पिवळा अंगठा

माझ्या दोन खोल्यांच्या घरात सहा आरसे आहेत. आलेला माणूस विचारतोच. मी सांगतो की वेलचेरीतले फ्लॅट लहान, आरशांनी जरा मोठे वाटतात. गेली आठ वर्षं मी हे सांगतो आहे आणि ते खरं नाही. खरं कारण मी बायकोलाही सांगितलं नव्हतं. ती गेली तेव्हा पाच आरसे होते. आता मला सत्त्याहत्तरावं लागलं आहे, सगळ्या तपासण्या बऱ्या येतात, म्हणजे वेळ मिळाला नाही ही सबबही उरलेली नाही. तेव्हा लिहून टाकतो.

काचेची इमारत लोकांना काचेची वाटते. ती काँक्रीटचीच असते. काच बाहेरून पडद्यासारखी टांगलेली असते, तिच्यावर इमारतीचा काही भार नसतो. अंबत्तूरच्या आमच्या कारखान्यात असे पडदे तयार व्हायचे. अ‍ॅल्युमिनियमची चौकट, तिच्यात काच, असं एक पॅनेल. अशी शेकडो पॅनेल एकाशेजारी एक बसवली की दर्शनी भाग तयार. आमची खासियत ही की एखादं पॅनेल तडकलं तर तेवढंच आतल्या बाजूने काढून नवं बसवता यायचं. बाहेर परांची नको, वरची पॅनेल उतरवायला नकोत. मी त्या विभागाचा प्रमुख होतो. 'कुठलंही पॅनेल वीस मिनिटांत बदला' हे माहितीपत्रकातलं वाक्य माझं. मी ते लिहिलं तेव्हा एकही पॅनेल घड्याळ लावून काढून बघितलं नव्हतं.

बसवणाऱ्या माणसांचा जो मुख्य होता त्याला सगळे मेस्त्री म्हणायचे. मीही तेच म्हणायचो आणि इथेही तेच म्हणतो. माझ्याहून दोन-तीन वर्षांनी लहान, बारीक, नेहमी पूर्ण बाह्यांचा शर्ट. पहिले सहा महिने मी त्यांना तमिळ समजत होतो आणि माझ्या मोडक्या तमिळमध्ये बोलत होतो. प्रत्येक पॅनेल आठ क्लॅम्पनी मुख्य सांगाड्याला धरलेलं असायचं. एकदा ते क्लॅम्प तपासत होते आणि मी मागे उभा होतो. ते स्वतःशी मोजत होते, "एक, दोन, तीन, चार."

"मेस्त्री, तुम्ही मराठी?"

"होय कीं," ते म्हणाले. "तंजावरचे. तुमचं तमिळ ऐकून मजला वाटलं, तुम्हांला मराठी तरी येत असेल."

त्यांचं मराठी पिढ्यान्‌पिढ्या तमिळ मुलखात राहिलेलं होतं, शब्द जुने आणि हेल तमिळ. माझं नाशिकचं. दोघांनाही दुसऱ्याचं मराठी थोडं विनोदी वाटायचं, पण कारखान्यात तिसऱ्या कोणाला ते कळत नव्हतं, त्यामुळे आम्ही ते वापरत राहिलो. मुख्यतः जेवणाबद्दल आणि साहेबलोकांबद्दल.

मेस्त्रींची एक पद्धत होती. पॅनेल बसलं, आठही क्लॅम्प हाताने ओढून बघितले, की ते पिवळ्या रंगाच्या डबीत उजवा अंगठा बुडवून चौकटीच्या आतल्या कडेला उमटवायचे. झाकणपट्टी लागली की ठसा दिसायचा नाही, काढली की दिसायचा. मी एकदा त्यांना ब्रश आणून दिला. "ब्रश कुणीही धरेल," म्हणून त्यांनी तो परत केला. अंगठ्यावर काचेने कापल्याची जुनी खूण होती, त्यामुळे ठशात मधोमध एक आडवी कोरी रेघ यायची. इमारत ताब्यात घेणारे इंजिनिअर हळूहळू आमचे तक्ते बघायचे बंद झाले. पट्टी उघडून अंगठा बघायचे आणि सही करायचे.

ही गोष्ट वीसेक वर्षांपूर्वीची. शहराच्या दक्षिणेला एका मोठ्या इमारतीचं काम आम्हाला मिळालं, ते माझ्या वाक्यामुळे. मालकांनी सांगितलं, वीस मिनिटं दाखवा. नवव्या मजल्यावरचं एक पॅनेल त्यासाठी ठरलं. मी मेस्त्रींना विचारलं, खरं किती लागतात?

"पन्नास."

"वीस होतील का?"

"वीस मिनिटांत माझ्या घरी ग्यासचा सिलिंडर बदलत नाही, साहेब."

मग मी उपाय काढला. त्या एका पॅनेलला आठऐवजी चारच क्लॅम्प लावायचे आणि रबराच्या पट्टीला साबणाचं पाणी लावायचं. दाखवून झालं की बाकीचे चार लावायचे. मेस्त्रींनी ऐकून घेतलं आणि चार क्लॅम्प काढून खिशात टाकले. दुसऱ्या दिवशी सकाळी मालकांसमोर पॅनेल अठरा मिनिटांत निघालं. लोकांनी टाळ्या वाजवल्या. काचेचं एक पॅनेल निघाल्यावर टाळ्या वाजतात हे मी तेव्हा पहिल्यांदा पाहिलं.

"अठरा मिनिटांत निघालं," मी मेस्त्रींना म्हणालो.

"निघालं कीं. आता वाऱ्याला सांगू नका."

अडचण अशी झाली की प्रयोग गाजला. दर पंधरवड्याला कोणी ना कोणी बघायला यायचं. चार क्लॅम्प लावायचे, पुन्हा काढायचे, यापेक्षा राहू दे म्हणून मीच सांगितलं. मेस्त्री दर वेळी पॅनेल परत बसवून मोजायचे, "एक, दोन, तीन, चार," आणि थांबून माझ्याकडे बघायचे. त्या पॅनेलवर त्यांनी अंगठा उमटवला नाही. "आठ झाले की उमटवतों," म्हणायचे.

इमारत ताब्यात द्यायची वेळ आली तेव्हा मेस्त्रींची आई वारली आणि ते तेरा दिवसांसाठी तंजावरला गेले. मजले एकेक करून तपासले जात होते. नवव्याची पाळी आली त्याच्या आदल्या दुपारी मी वर गेलो. उरलेले चार क्लॅम्प मेस्त्री जाताना माझ्याकडे देऊन गेले होते, ते माझ्या पिशवीत होते. पण तपासणी संपल्यावर बंगळूरची मंडळी पॅनेल बघायला येणार होती आणि आठ क्लॅम्प लावले तर पन्नास मिनिटं लागणार होती. इंजिनिअर फक्त अंगठा बघतो हे मला माहीत होतं. मेस्त्रींची डबी खिडकीशी होती. मी अंगठा बुडवला आणि उमटवला. चांगला उमटला. मग ऑफिसच्या नळावर टर्पेंटाइन लावून हात धुतले आणि जेवायला गेलो.

इंजिनिअरने सही केली. बंगळूरच्या मंडळींनी टाळ्या वाजवल्या. ती गेल्यावर मी क्लॅम्प लावणार होतो, तेवढ्यात कारखान्यातून फोन आला, मग दुसरं काम निघालं, मग राहिलं. मेस्त्री परत आले ते थेट दुसऱ्या इमारतीवर गेले. नवव्या मजल्यावर जायचं तेव्हा त्यांना कारण उरलं नव्हतं. मी चार-पाच वेळा गेलो, त्या मजल्यावर कॉफी चांगली मिळायची.

त्या डिसेंबरात वादळ आलं. दुपारी साडेतीनला ते पॅनेल वरच्या कोपऱ्यातून सुटलं, पिळवटलं आणि काच फुटली. चौकट लोंबकळत राहिली. काच टफन केलेली, म्हणजे फुटली की खडीसाखरेसारखे तुकडे होतात. ते सगळे खाली एका शहाळ्यांच्या गाडीवर पडले. गाडीवाला पावसाला कंटाळून समोर चहाला गेला होता. तो चहा बेताचाच असतो. त्या दिवसापासून त्या टपरीबद्दल मी कोणाला वाईट बोलू देत नाही.

चौथ्या दिवशी चौकशी झाली, तिथेच, नवव्या मजल्यावर. भगदाडाला प्लायवूड ठोकलं होतं. टेबलावर ती वाकडी चौकट. एका बाजूला आमचे संचालक, इमारतीचा इंजिनिअर, मी. समोर मेस्त्री उभे. खुर्ची रिकामी होती, पण त्यांना कोणी बस म्हटलं नाही. मीही नाही.

बोलणं तमिळमध्ये चाललं होतं. इंजिनिअरने चौकट दाखवली. "क्लॅम्प चारच आहेत आणि अंगठा आहे. न मोजता अंगठा लावला?"

मेस्त्री पुढे झाले. त्यांनी चष्मा काढून पुसला आणि पुन्हा लावला. ठशाशेजारी आपला उजवा अंगठा धरला. त्यांच्या अंगठ्यावर चीर होती. ठसा अखंड होता, कोऱ्या रेघेशिवाय, थोडा रुंद. एवढ्या जवळून बघणाऱ्या कोणालाही कळलं असतं, पण बघणारे आम्ही दोघेच होतो. बाकीचे त्यांच्या चेहऱ्याकडे बघत होते.

मेस्त्रींचं तमिळ संचालकांच्या तमिळपेक्षा चांगलं होतं. तरी ते माझ्याकडे वळले आणि मराठीत म्हणाले, "साहेब, हा अंगठा माझा नोहे. कुणाचा, तें तुम्हीच सांगा."

आवाज चढलेला नव्हता. जेवणाच्या डब्यात काय आहे ते सांगावं तसं सांगितलं. त्यांनी मराठी का निवडलं हे मला त्याच क्षणी कळलं. त्यांना मला पकडून द्यायचं नव्हतं. मी स्वतः सांगावं म्हणून त्यांनी जागा करून दिली होती.

संचालकांनी मला विचारलं, "काय म्हणतोय?"

मी तमिळमध्ये म्हणालो, "चूक झाली म्हणतोय. पुन्हा होणार नाही."

माझं तमिळ त्या दिवशी कुठेही अडखळलं नाही.

संचालक मेस्त्रींकडे वळले. "असं आहे का, मेस्त्री?"

मेस्त्रींनी माझ्याकडे पाहिलं. मोजून थांबल्यावर पाहायचे तसंच. मग म्हणाले, "आमा, सार." म्हणजे होय, साहेब.

त्याच आठवड्यात त्यांना कामावरून काढलं. शहरात ही कामं करणारे कारखाने थोडे आणि सगळे एकमेकांना ओळखणारे. न मोजता अंगठा लावणारा मेस्त्री म्हणून त्यांचं नाव महिन्याभरात सगळीकडे पोचलं आणि इमारतींवरचं काम त्यांना पुन्हा मिळालं नाही. मी माहितीपत्रकात वीसचे पन्नास केले. त्याबद्दल सचोटीचा माणूस म्हणून बैठकीत माझं कौतुक झालं. निवृत्तीच्या दिवशी मला काचेचं स्मृतिचिन्ह मिळालं. ते आठवड्यात फुटलं.

आठ वर्षांपूर्वी एका जुन्या फिटरकडून कळलं की मेस्त्रींनी अंबत्तूरला स्टेशनच्या बाजूला आरसे आणि तसबिरींचं दुकान टाकलं आहे. रिकाम्या हाताने जायचं नाही म्हणून मी टी. नगरला जाऊन एक जरीकाठी वेष्टी, म्हणजे इकडचं धोतर, घेतली, डब्यातली. तिथे म्हणायचं वाक्य पाठ केलं. ट्रेन बदलत गेलो.

"या, साहेब," ते म्हणाले, जणू मी काल येऊन गेलो होतो. या वेळी बसायला स्टूल पुढे केलं. "काय हवं?"

"आरसा," मी म्हणालो.

त्यांनी माप विचारलं. मी सांगितलं. वेष्टीचा डबा मांडीवर घेऊन बसलो होतो, तो तसाच घेऊन परत आलो.

चार-पाच महिन्यांनी पुन्हा गेलो. "मेस्त्री, एक सांगायचं होतं."

"सांगा कीं." त्यांनी हातातला काच कापायचा हिरा खाली ठेवला. ते खरंच ऐकायला थांबले होते, हे मला मुद्दाम नोंदवायचं आहे. गिऱ्हाईक नव्हतं, फोन वाजला नाही, रस्त्यावर आवाजही फारसा नव्हता.

"तो मागचा आरसा जरा मोठा झाला."

"आरसा मोठा नोहे, साहेब. माणूस जवळ उभा राहतो." आणि त्यांनी हिरा उचलला. "लहान करून देऊ?"

"लहान आणखी एक द्या."

असे पाच झाले. बायको म्हणायची, या वयात एवढं काय बघायचं असतं तुम्हाला? वेष्टी चार वेळा अंबत्तूरला जाऊन आली. शेवटी घडीवर चिरायला लागली, तेव्हा एका पोंगलला मीच नेसलो. बायको गेल्याचं सांगायला गेलो तेव्हा मेस्त्रींनी दुकानाचं दार अर्धं ओढून घेतलं आणि माझ्याजवळ बसून राहिले, तासभर. तेव्हाही मी सांगितलं नाही. उठताना सहावा आरसा सांगितला.

तो आणायला गेल्या महिन्यात गेलो. दुकान बंद होतं. शेजारी फुलं विकणाऱ्या बाईंनी सांगितलं, मेस्त्री गेले, पंधरा दिवस झाले, झोपेतच.

"तुमचं काही सामान होतं का, अय्या?"

"आरसा."

"वेलचेरीचे सार तुम्हीच?" त्यांनी फुलांच्या टोपलीमागून वर्तमानपत्रात गुंडाळलेला आरसा काढला. "येतील म्हणाले होते. येतातच, म्हणाले."

घरी येऊन तो लावायला घेतला तेव्हा कागद सुटला आणि पाठ वर आली. पाठीमागच्या प्लायवूडवर, कोपऱ्यात, पिवळा अंगठा होता. मधोमध आडवी कोरी रेघ. मी भिंतीवरचे पाचही आरसे उतरवले. स्टुलावर चढून, जे मला डॉक्टरांनी मना केलं आहे. पाचांच्याही पाठीवर होता. आठ वर्षं भिंतीकडे तोंड करून होता आणि मी पुढून बघत होतो.

सहाही आरसे आता पुन्हा लावले आहेत. आलेल्या माणसाला मी अजून तेच सांगतो, फ्लॅट लहान आहे म्हणून. पाठ केलेलं वाक्य मात्र विसरलेलो नाही. ते मराठीत होतं.

मेस्त्री, तो अंगठा माझा होता. तुम्ही मला मराठीत विचारलंत आणि मी तमिळमध्ये खोटं बोललो. मला माफ करा.