चांगल्या गाडीची खोड

वडिलांच्या जुन्या छोट्या पेट्रोल गाडीने मला जेवढं छळलं, तेवढं कोणी छळलं नसेल. तक्रार एकच. ती बंद पडत नव्हती.

वडिलांचा एक डोळा गेलेला, दुसऱ्याने अंधुक दिसायचं. तरी घोडेगावच्या जनावरांच्या बाजाराला स्वतः गाडी चालवत जायचे. रस्त्यावर उसाच्या ट्रॉल्या, त्यांना मागे ना दिवा ना काही. ते परत येईपर्यंत माझा जीव टांगणीला. किल्ली मागितली की उत्तर ठरलेलं, "जवा ती चालू व्हायची न्हाई, तवा किल्ली तुझी."

मग मी तिच्या मरणाची वाट पाहू लागलो. पण मरेल तर शपथ! माझ्या नव्या गाडीची एक वायर उंदरांनी कुरतडली, तर डॅशबोर्डवरचे धोक्याचे सगळे दिवे लागले आणि गाडी उचलून नगरला न्यावी लागली. हिच्यात कुरतडायला आहेच काय? कार्बोरेटर, चार वायरी, एक पट्टा. प्लग काळे झाले की वडील पॉलिश पेपरने घासायचे. थंडीत चोक ओढायचा, किल्ली फिरवायची, की पहिल्याच झटक्यात ही बया सुरू. मी ओट्यावर दात घासत मनातल्या मनात शिव्या द्यायचो.

वडिलांचा जन्म बैलांच्या व्यापारात गेला. बैल मारका असो की बसका, गिऱ्हाइकाला आधी खोड सांगायची, मगच सौद्यासाठी रुमालाखाली बोटं धरायची, हा त्यांचा शिरस्ता. आणि भाव पाडायला चांगल्या जनावराला खोटी खोड लावणाऱ्याला ते दारात उभं करत नसत.

परवा बाजाराच्या दिवशी गाडीचा आवाजच आला नाही. जाऊन पाहतो तर वडील स्टिअरिंगवर हात ठेवून नुसते बसलेले, टोपी मांडीवर. मला पाहून उतरले आणि किल्ली माझ्या हातात दिली.

"चालू व्हईना. लई म्हातारी झाली आता ती."

ते घरात गेले. मला इतकं हायसं वाटलं की काय सांगू. सहज म्हणून आत बसलो, किल्ली फिरवली.

पहिल्याच झटक्यात सुरू झाली.

दिसत नाही हे त्यांना तोंडाने म्हणवेना, म्हणून त्यांनी तिला खोटी खोड लावली होती. मला तिचा असा संताप आला! एवढी वर्षं नडलीस, आज एक दिवस बंद पडायला काय झालं होतं तुला? मी घाईघाईने ती बंद केली. आवाज घरात गेलाच असणार. वडील काही बाहेर आले नाहीत.