उताणे नर

ऋतुराजने पाच पतंग सरळ केले आणि नोकरीला लागल्यापासून पहिल्यांदाच आपण पगाराला लायक आहोत असं त्याला वाटलं.

माजिवड्याच्या अलीकडच्या एका कॉलेजात, प्राणिशास्त्राच्या प्रयोगशाळेत, तो अकरा महिन्यांच्या कंत्राटावर लागलेला. सोमवारी तपासणी समिती यायची होती, आणि विभागप्रमुख आसावरी मॅडमनी कपाटं नीटनेटकी करायला सांगितलेली. त्याने एक खण ओढला तर आत एकोणीस राखाडी पतंग टाचण्यांवर ओळीने बसवलेले, आणि त्यातले पाच चक्क उताणे. करमाळ्याच्या शाळेत त्याच्याकडून दोन गोष्टी घोटून घेतलेल्या: नखं कापावीत आणि मांडलेली वस्तू सरळ असावी. त्याने पाचांच्या टाचण्या उपसल्या, पतंग उलटले, पुन्हा टोचले. वाळलेला पतंग पापडाहून नाजूक असतो, हे करमाळ्यात शिकवायचं राहून गेलं असावं. पाचांच्याही मिशा झडल्या. त्याने फुंकर मारून तो कचरा कोपऱ्यात लोटला आणि खण बंद केला.

शनिवारी सकाळी धाकूमामांनी तो उघडला. मामा म्हणजे प्रयोगशाळेचे जुने शिपाई. त्यांना सगळे मामा म्हणत, पण मामासारखं वागल्याची तक्रार त्यांच्याविरुद्ध कुणी केलेली नव्हती. त्यांनी आवाज चढवला नाही. एवढंच विचारलं, "यो कोनी केला?"

ऋतुराज म्हणाला, "मी, मामा. उलटे झालेले ना."

"झालेले नवते. मी ठेवलेले. सव्वीस वर्सं ठेवलेले." मग त्याला खालून वर न्याहाळत म्हणाले, "तुजी खोपडीपन कोनीतरी उलटून बगायला पायजे. खाली काय असंल तर असंल."

त्या दिवसापासून ऋतुराजचं नाव उताण्या पडलं.

धाकूमामा कळव्याच्या खाडीकाठचे कोळी, शिक्षण सातवी. कॉलेजात हमाल म्हणून आले आणि प्रभाकर सर नावाच्या प्राध्यापकांच्या हाताखाली बरण्या धुता धुता पतंग ओळखायला शिकले. सर केव्हाच निवृत्त झाले, मामांची पहाटेची फेरी सुटली नाही. बर्फाच्या गोदामाच्या पांढऱ्या भिंतीवर, ट्यूबलाइटखाली, रात्रभरात जे बसलेलं असेल ते मामा बाटलीत घ्यायचे. त्याच वेळी बायको आवडाबाई मासळीची पाटी घेऊन निघायची. घरात खायचं मी आणायचं आणि या माणसाने भिंतीवरची चिलटं, हे ती भेटेल त्याला सांगे. चिलट म्हटलेलं मामांना खपत नसे. त्यावरून त्यांचा दोनदा आठवडाभर अबोला झाला होता.

पतंग होते वीत मोजत चालणाऱ्या अळ्यांच्या कुळातले. त्यात क्लिओरा आणि एक्ट्रोपिस अशा दोन प्रजाती, दोन्हींचे पंख राखाडी, नागमोडी रेघांचे. वरून बघून भलेभले फसतात. फरक नराच्या मिशीत. क्लिओराच्या नराची मिशी पिसासारखी, दोन्ही बाजूंना दाते असलेली. एक्ट्रोपिसची बारीक दोऱ्यासारखी. माद्यांच्या मात्र दोन्हीकडे बारीकच. म्हणून आधी नर कुठला ते कळायला हवं, आणि नराची खूण पुढच्या पंखाच्या मुळाशी, खालच्या अंगाला: काचेसारखी एक इवलीशी खळी. ती भिंगातून सहज दिसावी म्हणून मामांनी नर उताणे टाचलेले.

आसावरी मॅडमना हे ठाऊक नव्हतं असं नाही. त्यांना घाई होती. शनिवारीच त्यांनी खण पाहिला: चौदांच्या मिशा बारीक, पाचांना मिशाच नाहीत. त्यांनी मामांच्या अक्षरातली 'क्लिओरा' ही चिठ्ठी कचऱ्याच्या डब्यात टाकली आणि 'एक्ट्रोपिस' अशी छापील पट्टी लावली. समितीच्या नोंदवहीत जे नाव चढेल तेच कायम राहणार होतं. मामा महिनाअखेर निवृत्त व्हायचे होते, आणि सबंध कपाटात त्यांच्या हातची चिठ्ठी तेवढी एकच होती.

मामा मॅडमना सांगायला गेले. मॅडम म्हणाल्या की ओळख पटवणं हे शिपायाचं काम नाही, त्यांनी बरण्या धुवाव्यात. मामा म्हणाले, मग समितीला बरण्याच दाखवा, त्या तरी खऱ्या आहेत. तिथून ते थेट ऋतुराजकडे आले.

"चल. सांग तिला काय केलास ते."

ऋतुराजला कंत्राट आठवलं, टिटवाळ्याच्या खोलीचं भाडं आठवलं. कबूल करावं तर मॅडम हाकलणार, न करावं तर मामा उरलेला महिना जगू देणार नव्हते. तो गेला. उताणे होते ते आपण सरळ केले, मिशा त्यात झडल्या, असं त्याने जमिनीकडे बघून सांगितलं. मॅडम त्याच्याकडे अशा बघत होत्या की पुढचा टाचणीवरचा नमुना तोच.

मामांनी एक पतंग टाचणीसकट उचलला, उलटा धरला आणि भिंग मॅडमपुढे सरकवलं.

"खळी दिसली? हा नर. आता मिशीचा बुडखा बगा."

बुडख्याला मिशीचा एक तुकडा उरला होता, दोन्ही बाजूंना चार-चार दाते. मॅडम बराच वेळ भिंगाला डोळा लावून होत्या. मग त्यांनी विचारलं की बारीक मिशांचे ते चौदा म्हणजे सगळ्या माद्या का.

"चौदाच्या चौदा," मामा म्हणाले. "बायांच्या मिश्या बगून बाप्याचा गोत ठरवलात तुमी."

मॅडमनी पट्टी ओढून काढली. चूक झाली असं काही म्हणाल्या नाहीत. ऋतुराजला डब्यातली चिठ्ठी शोधायला लावली आणि त्याच संध्याकाळी लेखी ताकीदही हातात ठेवली. चिठ्ठीवर चहाचा डाग पडलेला. मामांनी ती तशीच लावली, मॅडमना रोज दिसावा म्हणून.

बाहेर पडल्यावर मामा दोन शब्द बरे बोलतील असं ऋतुराजला वाटलेलं.

"मिश्या देनार कोन? पाच नर पायजेत. खळी, दोनी मिश्या. मोडका घेनार नाय."

ऋतुराजने टिटवाळ्याच्या आपल्या बिल्डिंगचा जिना रोज पहाटे चाचपायला सुरुवात केली. पहिला पतंग आणला तो मामांनी भिंगाखाली उलटला आणि परत दिला. "बाई हाय. तुज्याकडंच ठेव, तुला कोन देतंय." निवृत्तीच्या दिवसापर्यंत चार नर भरले. निरोपाच्या कार्यक्रमात मॅडमनी नारळ दिला, मामांनी तो त्यांच्याकडे न बघता घेतला, आणि जाताना ऋतुराजला फक्त एक बोट दाखवलं.

आता दर रविवारी फोन येतो. "पाचवा कुटं?" एवढंच, आणि बंद.

ऋतुराजच्या डब्यात एक नर आहे. खळी स्वच्छ दिसते. उजवी मिशी पिसासारखी, शाबूत. डावी अर्धीच आहे, आणि या खेपेला ती त्याने मोडलेली नाही. पण हे मामांना सांगून बघायची त्याची अजून हिंमत झालेली नाही.