चावा घेतलेलं नाणं

माझे सासरे दोनदा वारले. दुसऱ्यांदा वयामुळे, पहिल्यांदा माझ्यामुळे.

पहिल्या वेळची हकीकत आमच्या नात्यात चुकीची सांगितली जाते. दोष येतो माझा मेहुणा अंकुश याच्यावर, आणि लग्नाकार्यात पंगत बसली की भाताआधी कुणीतरी ती हकीकत वाढतंच. मी आता अठ्ठ्याहत्तर वर्षांचा आहे. परतूरच्या शाळेत कार्यानुभव शिकवताना जन्मभर मुलांना खरं बोला म्हणून सांगितलं. एकदा आपणही बोलून बघावं म्हणतो.

अंकुश आष्टीला शेती करतो. सहा-सात वर्षांपूर्वी बाजारात भेंडी घेताना त्याच्याकडे दोन रुपयांचं एक स्टीलचं नाणं आलं. त्याच्या कडेचा एक तुकडा नव्हताच, बिस्किटाचा कुणी चावा घ्यावा तसा. अंकुशने मोबाइलवर पाहिलं होतं की टांकसाळीतूनच असं चुकून बाहेर पडलेलं नाणं शौकीन लोक जिवापाड जपतात. मात्र तेच नाणं नंतर कुणी तोडलं, ठोकलं किंवा घासलं असेल, तर ते नुसतं खराब नाणं. ते भेंडीवालासुद्धा घेत नाही. (हे त्यानेच खपवलं होतं, हा भाग वेगळा!)

घरातल्या एका साखरपुड्यात अंकुशने ते सगळ्यांना दाखवलं. मी चष्मा वर केला, नाणं उजेडात धरलं आणि हे छन्नीने तोडलेलं आहे असं जाहीर केलं. नाण्यांतलं मला काही कळत नव्हतं. पण छन्नी, कानस, पटाशी हे माझे विषय, आणि बायकोच्या माहेरची तीस माणसं ऐकत होती.

"बिलकुल न्हाई, दाजी," अंकुश म्हणाला. "हे टांकसाळीतनंच असं आलंय. न्हाई निघालं तर मिशी काढीन."

मांडवातल्या माना वळल्या. आमच्याकडे बाप जिवंत असताना मुलगा मिशीला वस्तरा लावत नाही. बाप गेला की त्याच दिवशी किंवा दहाव्याला मिशी निघते, आणि मिशी निघालेली दिसली की लोक समजून घेतात. त्यातून अंकुशची मिशी अशी की दोन्ही टोकं कानांची विचारपूस करायची! नव्वदीतले मामा, म्हणजे माझे सासरे, नातवाच्या खांद्याला धरून उभे राहिले आणि पुन्हा बसले. मीही तोऱ्यात म्हणालो, खरं निघालं तर मी काढतो. (माझे वडील केव्हाच गेले होते आणि माझी मिशी पेन्सिलीने ओढलेल्या रेघेएवढी, त्यामुळे माझी पैज तशी सोपीच होती.)

तपासतो म्हणून मी नाणं परतूरला घरी नेलं. तुटलेल्या कडेवर छन्नीचा घाव काही दिसेना. वरून झिजला असेल, जरा घासल्यावर दिसेल, असं वाटून मी कानस घेतली आणि दोनच हात मारले. मग आणखी चार. घाव दिसला नाही, पण कड मात्र नव्या पातेल्यासारखी चकाकायला लागली.

आठ दिवसांनी आम्ही दोघं रेल्वेने जालन्याला एका शेटजींकडे गेलो. मूळचे मारवाडचे, पण पिढ्यान् पिढ्या इथलेच. दुकानात कापड आणि मागच्या कपाटात नाणी. त्यांनी भिंग लावलं आणि लगेच काढलं.

"ही कानशीची रेघ आहे, भाऊ. टांकसाळीत कुणी नाणं घासत नाही."

अंकुश हुज्जत घालेल असं मला वाटलं होतं. तो फक्त म्हणाला, "चुकलं दाजी, तुमी बराबर व्हता," आणि समोरच्या न्हाव्याकडे गेला.

शेटजी नाणं अजून फिरवतच होते. "गुरुजी, एक गंमत बघा. चाव्याच्या बराबर समोरची कड पुसट आहे. नाणं ठोकताना इकडे धातू नव्हता, म्हणून तिकडे कड उठलीच नाही. छन्नीने तोडलं असतं तर ती शाबूत राहिली असती. माल असली होता. कुण्या मूर्खाने कानस मारली."

मूर्ख त्यांच्या समोरच्या गादीवर बसला होता. दारातून मला अंकुश दिसत होता. न्हावी अजून साबणच लावत होता. रस्ता वीस पावलांचा. मी घसा साफ केला आणि शेटजींना शर्टाचं कापड दाखवायला सांगितलं.

परतूरहून अंकुश एकटाच जीपने आष्टीला निघाला. पुढचं मला नंतर कळलं. त्याचा कोरा ओठ बघून जीपमधल्या एकाने उठून त्याला पुढची जागा दिली. शरमेने अंकुशने मान खाली घातली. दुसऱ्याने पाठीवर हात ठेवला, तेव्हा मिशीच्या आठवणीने त्याचे डोळे भरून आले. मग कुणाला काही विचारायची गरजच उरली नाही. चार मोबाइल निघाले.

जीप वाटेत दोनदा पंक्चर झाली. तोवर आसपासच्या गावांतले पाहुणे डोळ्यांना रुमाल लावून अंकुशच्या घरी पोचले होते. एकाने टेम्पोतून लाकडंही आणली होती. मामा ओट्यावर भुईमुगाच्या शेंगा फोडत होते. एवढी माणसं बघून त्यांनी टोपी मागवली आणि काठी टेकत उठले.

"चला, मीबी येतो. कोण गेलं?"

तेवढ्यात जीपमधून अंकुश उतरला. मामांनी आधी त्याचा ओठ बघितला, मग लाकडं बघितली.

"पुरी उगवल्याबिगर तोंड दाखवू नको," ते म्हणाले.

अंकुश दीड महिना शेतातल्या खोपटात राहिला. माझी बायको परतूरहून भावाला डबा पाठवायची आणि मला म्हणायची, तुमचं एक बरं आहे, तुम्ही कधी चुकत नाही. मला घास उतरत नसे. (खोटं कशाला बोलू, उतरायचा. पण सावकाश!)

मामा त्यानंतर पाच वर्षं ठणठणीत जगले आणि मग खरोखर गेले. तेव्हासुद्धा दोघातिघांनी फोनवर खात्री करून घेतली. दहाव्याला नदीकाठी न्हाव्यासमोर बसलेला अंकुश ओठावरून हात फिरवत म्हणाला, "दाजी, आज तरी कोनी हासणार न्हाई." मला ते सोसवलं नाही. खाली बसून मी त्याला सगळं सांगितलं. कानस, पुसट कड, वीस पावलं, शर्टाचं कापडसुद्धा.

अंकुश न्हाव्याला म्हणाला, "दाजींचीबी काढ." मी मुकाट्याने बसलो.

घरी आलो तर सगळी भावकी माझ्या तोंडाकडे बघतेय. मामांच्या धाकट्या भावजयीने माझ्यावरून हात ओवाळून बोटं मोडली. सासऱ्यासाठी मिशी काढणारा जावई साऱ्या तालुक्यात झाला नाही, असं एकाने सांगितलं आणि बाकीच्यांनी माना हलवल्या. मला पहिल्या पंगतीत, मधोमध बसवलं. शेजारी अंकुश होता.

"सांगा की आता," तो हळूच म्हणाला.

मी सगळ्यांना हात जोडले आणि डोळे पुसले.

म्हणून आज हे लिहून छापायला देतो आहे. आष्टीत हा अंक जात नाही, याची चौकशी मी आधीच केली आहे.