पेटीच्या जागी मशीन

"वाचते सारं, बोलत काईच नाई," ढोलकीवाले काका दुकानदाराला हळूच म्हणाले. मी ते ऐकलं आणि हातातल्या इंग्रजी माहितीपुस्तिकेत आणखी मान घातली.

ते रिसोडचं रेडिओ दुरुस्तीचं दुकान होतं. काउंटरवर दोन टेपरेकॉर्डर मांडले होते. एक रिळांचा, माझ्या होस्टेलच्या ट्रंकेएवढा. दुसरा कॅसेटचा, जेवणाच्या डब्याहून थोडा मोठा. मी अकोल्याला कॉन्व्हेंटमध्ये शिकत होते, सुटीला मेडशीला आले होते, म्हणून वाचायला मला आणलं होतं.

मशीन आमच्या गायन पार्टीसाठी हवं होतं. बाबांचे थोरले भाऊ, आमचे मोठे बाबा, पेटी वाजवत आणि त्यांची बायको, मोठी आई, गात असे. जयंतीच्या दिवसांत पार्टी जीपने गावोगाव जाई. त्या हिवाळ्यात मोठ्या बाबांची उजव्या हाताची बोटं कडबाकुट्टीत सापडली. जखम भरली, पण एक गाणं वाजवलं की बोटं सुजायची. म्हणून ठरलं, रोज एकेक गाण्याची पेटी घरीच टेपवर भरून ठेवायची आणि कार्यक्रमात मशीनपुढे माइक धरायचा.

"मशीन आलं का दादा, तुमी घरी आराम करा," ढोलकीवाले काका म्हणाले. "जीपमंदी जागा बी मोकळी व्हते."

एसटीत मांडीवर धरून आणलेल्या पेटीच्या फडक्याची मोठ्या बाबांनी पुन्हा पुन्हा घडी घातली.

दुकानदाराने दोन्ही मशीनं एकदम रेकॉर्डिंगला लावली आणि मोठ्या बाबांनी एक गाणं वाजवलं. मग मोठं मशीन सुरू झालं. आवाज खरंच भरदार होता. मोठी आई स्टुलावर बसून त्याच्यासोबत गायला लागली. पहिलं कडवं छान जमलं. तेवढ्यात ढोलकीवाल्या काकांनी, गावात लोक करतात तशी, एक रुपयाची नोट तिच्यापुढे नाचवली. सवयीने ती थांबली, नोट घेतली आणि म्हणाली, "ढोलकीवाल्या भाऊकडून पार्टीले एक रुपया. पार्टी आभारी हाय."

मशीन तोवर दुसऱ्या कडव्यात पोचलं होतं.

"अवो, थांबा ना!" ती त्याच्यावरच ओरडली. आम्ही सगळे हसलो. तिने ओळ गाठायचा प्रयत्न केला, पण जमलं नाही.

"मग नोटा घेऊच नका," दुकानदार म्हणाला.

"मानूस नोट घेऊन उभा, अन् आमी नाव बी घ्याचं नाई?" ढोलकीवाले काका म्हणाले. "पुढच्या साली कोन बलावते आमाले?"

मोठी आई मोठ्या बाबांकडे बघून पदराने तोंड पुसत पुटपुटली, "एवढी वर्सं याईले कधी थांबा म्हणा नाई लागलं."

लहान मशीनच्या पुस्तिकेत एका वेगळ्या बटणाबद्दल लिहिलं होतं. दाबलं की टेप आहे तिथेच थांबते, पुन्हा दाबलं की तिथूनच पुढे जाते. मी त्या ओळीवर बोट ठेवून पुस्तिका दुकानदाराकडे सरकवली. त्याने ते बटण मोठ्या बाबांना दाखवलं.

मोठी आई पुन्हा गायली. कडव्याच्या मध्येच, कोणाला न सांगता, ती थांबली. मोठ्या बाबांच्या डाव्या हाताचं बोट त्याच क्षणी बटणावर गेलं. ते तिच्याकडे बघतही नव्हते. ढोलकीवाल्या काकांनी काउंटरवर बोटांनी ठेका धरून ठेवला. तिने श्वास घेतला आणि पेटी तिच्याबरोबरच निघाली.

"हेच घेऊ!" ढोलकीवाले काका खूश झाले. "बटण मी पाहतो. दादा, तुमी खरंच आराम करा."

त्यांच्या मनात वाईट काहीच नव्हतं. कार्यक्रम संपला की मोठ्या बाबांचा हात शेकायला मिठाचं गरम पाणी तेच आणून देत. पण मोठ्या बाबांनी मशीन बाजूला सारलं, पेटीचा भाता दाबून खटका लावला आणि फडकं बांधायला घेतलं. मोठी आई त्या गाठीकडे पाहत राहिली.

माझं मराठी घरात सगळ्यांना पुस्तकातलं वाटायचं. मी दोन वाक्यं बोलले की कोणीतरी हसायचं, म्हणून मी बोलणं टाळत असे. तरी मी पुस्तिका मिटली.

"काका, तुमचे दोन्ही हात ढोलकीवर असतात. बटण मोठे बाबाच दाबतील. जीपमध्ये त्यांची जागा ठेवा."