हिर्शेनाऊची शीव

मध्य प्रदेशातल्या बालाघाटच्या काली पुतली चौकात, चहाच्या टपरीवर तुम्ही हिर्शेनाऊचं नाव काढलंत, तर निदान चार जण त्या जर्मन गावची नदी कुठून कुठं वाहते ते सांगतील. त्यातला एकही कधी नागपूरपलीकडे गेलेला नाही. हे सगळं चिंतामणरावांचं पाप.

चिंतामणराव हरदास अडतीस वर्षं पटवारी होते. बिरसा, कटंगी, राजेगाव, पुन्हा बिरसा, अशा बदल्या झेलत त्यांनी लोकांची शेतं मोजली, शिवा दाखवल्या आणि निवृत्त होऊन बालाघाटात घर बांधलं. मुलगा यशोधन जर्मनीतल्या हिर्शेनाऊ नावाच्या सहा हजार वस्तीच्या गावी पंपाच्या कारखान्यात लागला. दुसरा बाप असता तर त्यानं पगार विचारला असता. चिंतामणरावांनी गावाचा नकाशा मागवला.

मग मोबाइलवर भाषांतर करकरून त्यांनी गावाचा सगळा इतिहास वाचून काढला. आठशे वर्षांपूर्वी मिठाचे व्यापारी नदी उतरण्यासाठी तिथं थांबत, त्यातून वस्ती झाली. पुढं मोठी आग लागली. बाजारातला हौद आणि एका बेकरीचं धुराडं सोडून सारं जळालं, आणि लोकांनी जुन्याच रेषांवर, बोटभरही न सरकता, घरं पुन्हा उभी केली. एवढं सांगताना चिंतामणरावांचा आवाज भरून यायचा. अशा गोंधळात शेजाऱ्याची दोन हात जागा न दाबणारी माणसं त्यांनी उभ्या नोकरीत पाहिली नव्हती.

तिथल्या माणसांच्या सवयीही त्यांना तोंडपाठ. रस्ता रिकामा असला तरी लाल दिव्याला थांबणारी, शनिवारी दारासमोरचा रस्ता झाडणारी, दिवसातून दोनदा भेटलात तर दोन्ही वेळा नमस्कार करणारी, पण घरात चहाला बोलवायला पाच वर्षं लावणारी ती माणसं. एवढ्या सरळ लोकांचंही नदीपलीकडच्या गावाशी एका जंगलावरून तीनशे वर्षं भांडण होतं. म्हणून दर दहा वर्षांनी सगळं हिर्शेनाऊ, लहानथोर, आपली शीव पायी चालून पाहतं. हे कळलं त्या दिवशी चिंतामणराव टपरीवर खुशीत म्हणाले, "पाहा, कुठंही जा, पळसाले पानं तीनच."

एक प्रश्न मात्र ते मुलाला दर रविवारी फोनवर विचारायचे. "काय रे, गावानं तुले आपलं म्हटलं का?"

"अजून नाही बाबा," यशोधन हसून म्हणायचा. अशी नऊ वर्षं गेली.

हा प्रश्न उगाच नव्हता. चिंतामणरावांचे आजोबा भंडाऱ्याकडून इकडे आले, आणि तेव्हापासून हे घराणं बालाघाटात 'मराठी साहेब' आणि नागपूरच्या लग्नात 'एमपीवाले पाहुणे'. दोन्हीकडे मान भरपूर, पण घरचं म्हणून कोणी धरत नाही. निदान आपल्या पोराच्या वाट्याला हे येऊ नये, एवढंच त्यांना हवं होतं.

सप्टेंबरातल्या एका शनिवारी ऐन जेवणाच्या वेळी यशोधनचा व्हिडिओ आला. शीव पाहायचा तोच दिवस. टोप्या घातलेल्या चार दांडग्या माणसांनी यशोधनला हातापायांनी उचललं, आणि शिवेच्या दगडावर त्याचं बूड दाणदाण तीनदा आपटलं. गर्दी मोठ्यानं मोजत होती. मग व्हिडिओ संपला. खाली एक अक्षर लिहिलेलं नाही.

चिंतामणरावांच्या हातातला घास हातातच राहिला. "पकडला पोट्ट्याले," ते म्हणाले.

"काहून? काय केलं त्यानं?" सुनंदाबाई वरण वाढता वाढता थांबल्या.

"मागच्या वर्षी घरामागं लाकडाची खोली नाही का बांधली? म्या म्हटलतं, मोजून बांध. त्यानं नजरेनंच बांधली. आज शीव पाहाले निघाले अन सापडलं अतिक्रमण."

"अहो, खेळत असतीन."

"शिवेच्या दगडापाशी कोणी खेळते का?"

पटवाऱ्याला सगळीकडे अतिक्रमणच दिसतं, त्याला इलाज नाही. त्यांनी सहा वेळा फोन लावला. एकदाही उचलला गेला नाही. मन चिंती ते वैरी न चिंती. एव्हाना पोराला गावाबाहेर काढलं असेल, नातीचं नाव शाळेतून कमी केलं असेल, असं काय काय त्यांच्या डोक्यात येऊन गेलं. शेवटी त्यांनी कोरा कागद काढला आणि अडतीस वर्षांच्या सवयीनं, सुवाच्य हिंदीत अर्ज लिहिला: प्रति, श्रीमान नगराध्यक्ष महोदय, हिर्शेनाऊ. विषय: सीमांकन पुनः कराए जाने बाबत. आवेदक स्वयं उपस्थित होकर नाप कराने को तैयार है.

"पहिले पासपोर्ट तं काढा," सुनंदाबाई म्हणाल्या.

चार वाजता पुनाराम आला. तो राजेगावचा जुना कोटवार, म्हणजे गावचा राखणदार. मोजणीच्या वेळी साखळीचं दुसरं टोक वर्षानुवर्षं त्याच्याच हातात असायचं. त्यानं अर्ज ऐकून घेतला, मग व्हिडिओ मागितला आणि डोळ्यांजवळ धरून दोनदा पाहिला.

"साहेब, हे लोक तं हसून राह्यले."

"हसतीनच ना. दुसऱ्याची फजिती."

"तसं नाही जी. यशोधनबाबू बी हसून राह्यला. अन हे पाहा, आपली अबोली टाळ्या वाजवते. बापाले मार पडला तं लेकरू टाळ्या वाजवीन का?"

चिंतामणरावांनी तो व्हिडिओ तोवर नऊ वेळा पाहिला होता. पण त्यांनी पाहिला होता तो दगड. दहाव्यांदा त्यांनी मुलाचा चेहरा पाहिला. खरंच हसत होता.

सहाला यशोधनचा फोन आला. "बाबा, जंगलात नेटवर्क नव्हतं. व्हिडिओ पाहिला का?"

"खोली किती हात बाहेर निघाली?"

"कोणती खोली?"

मग उलगडा झाला. शीव पाहताना गावात नव्यानं आलेल्यांना दगडावर असं आपटायची तिथली जुनी रीत आहे. ज्याला आपटलं तो दगडाची जागा जन्मभर विसरत नाही, आणि गावही त्याला विसरत नाही. कोणाला आपटायचं ते गावाची सभा ठरवते. उगाच हौस म्हणून आलेल्या पाहुण्याला ते हातही लावत नाहीत.

"यादीतून माझं नाव वाचलं बाबा. हरदास कोणाले नीट म्हणता नाही आलं, पण वाचलं. अबोलीचंही वाचलं. गावानं आपलं म्हटलं."

चिंतामणरावांनी चष्मा काढला. फोन सुनंदाबाईंच्या हातात दिला आणि अर्ज फाडला. मग तसेच चपला घालून चौकात गेले आणि टपरीवर सगळ्यांना जिलबी वाटली. पोराला चारचौघांत आपटलं म्हणून जिलबी वाटणारा बाप बालाघाटनं पहिल्यांदाच पाहिला.

डिसेंबरात यशोधन सगळ्यांना घेऊन आला. नऊ वर्षांच्या अबोलीनं आल्या आल्या विचारलं, "आबाजी, तुमच्या गावचा दगड कुठं आहे? मला त्यावर पण आपटायचं."

आता आली पंचाईत. आपल्याकडे शिवेच्या दगडाला शेंदूर लावतात, नारळ फोडतात. त्यावर बूड टेकवायचा विचारही कोणी करत नाही. पण नातीपुढे पटवाऱ्याचं काय चालतं? सगळी वरात बसनं राजेगावला गेली. पुनारामनं शिवेवरच्या दगडापुढे नारळ फोडला, हात जोडले आणि म्हणाला, "मालक, लेकरू लय दुरून आलं. रागावू नको." मग त्यानं आणि यशोधननं अबोलीला उचलून अलगद तीनदा टेकवलं. ती खिदळत उठली.

"आबाजी, तुम्हाला कोणी आपटलं होतं?"

चिंतामणराव म्हणाले, "नाही बाप्पा. मले कोणं आपटते?"

पुनारामनं त्यांच्याकडे पाहिलं. मग धानाच्या बांधावर उभ्या असलेल्या दोघांना त्यानं हाक मारली, आणि चिंतामणराव काय म्हणतात ते न ऐकताच यशोधनसकट चौघांनी त्या सत्तरीच्या माणसाला हातापायांनी उचललं.

"कंबर सांभाळजा," सुनंदाबाई हसता हसता म्हणाल्या.

अबोलीनं मोठ्यानं मोजलं. एक, दोन, तीन.

पुनारामनं त्यांच्या खांद्यावरची धूळ झटकली. "झालं साहेब. आता इथून तुमची बदली नाही होत."

चिंतामणराव दगडावर तसेच बसून राहिले. बालाघाटची बस यायची वेळ झाली होती, सुनंदाबाईंनी दोनदा हाक मारली, तरी ते उठले नाहीत.