मलेचं मला कुणी केलं

अमरावतीत राजकमल चौकाच्या मागच्या गल्लीत शेषरावभाऊंचा छापखाना आहे. तिथे मुद्रितं तपासायचं काम पौर्णिमा तायडे करते, आणि ते ती कानानं करते. तिसरीत असताना काचबिंदूनं तिची नजर गेली. वडील श्रावण हिवरखेडला ग्रामपंचायतीच्या पाण्याच्या टाकीवर होते. गावात जो तो सल्ला द्यायचा, पण त्यांनी कुणाचं ऐकलं नाही आणि पोरीला उचलून अमरावतीच्या अंधशाळेत घातलं. "लेकीचे डोये गेले, डोकं जागेवर हाये," एवढंच ते म्हणत.

शाळा झाली, बी.ए. झालं, संगणकाचा कोर्स झाला, आणि एक दिवस ती शेषरावभाऊंच्या दारात उभी राहिली. "तुमची पानं ऐकून चुका काढून देईन," म्हणाली. भाऊंना आधी थट्टाच वाटली. त्यांनी तिला एका पतसंस्थेचा पंचवीस पानी अहवाल दिला, तीन डोळस माणसांनी तपासून झालेला. पौर्णिमानं त्यात एकोणीस चुका काढल्या. त्याला आता अकरा वर्षं झाली.

डोळा सवयीचा गुलाम असतो. 'शेतकरी'मधला 'त' गळून 'शेकरी' राहिलं तरी त्याला शेतकरीच दिसतो. कानाला मात्र ते खड्यासारखं लागतं. पौर्णिमाचा संगणक तिला मजकूर वाचून दाखवतो, तोही इतक्या वेगानं की शेजारी बसलेल्याला मधमाश्या उठल्यासारखं वाटावं. ती मान किंचित तिरकी करून ऐकते, मध्येच बोट दाबून थांबवते, चूक दुरुस्त करते आणि पुढे जाते.

ज्या एडिटरमध्ये, म्हणजे मजकूर लिहायच्या-सुधारायच्या प्रोग्राममध्ये, ती हे काम करते, तो जरा वेगळा आहे. त्यात आपल्याला हवी ती सोय बाहेरून आणून जोडता येते. जगभरातली माणसं अशा सोयी लिहून फुकट ठेवतात, त्यांना पॅकेज म्हणतात. एडिटर सुरू होताना वाचतो अशी एक फाईल असते. तिच्यात एक ओळ लिहिली की पॅकेज आत येतं. मग वापरायचं तेव्हा त्याचा हुकूम द्यायचा. बोलणारा आवाजही पौर्णिमानं असाच जोडलेला आणि कोणत्या बटणानं काय होतं हेही तिनंच बसवलेलं. अकरा वर्षांत त्या फाईलमध्ये चाळीसेक ओळी साठल्या होत्या आणि त्यातली प्रत्येक तिला तोंडपाठ होती.

गेल्या दिवाळीनंतर मोर्शीच्या वामनराव ढोमणे गुरुजींचं पुस्तक छापखान्यात आलं. आठवडी बाजारातल्या गोष्टी, सगळ्या वऱ्हाडी बोलीत. बैलांचे दलाल, बांगड्या भरणाऱ्या बाया, मिरचीवाले, हरवलेली बकरी शोधत साऱ्या बाजाराची भांडणं सोडवत फिरणारा एक माणूस. पौर्णिमा ऐकता ऐकता एकटीच हसायची. नऊ दिवसांत तिनं पुस्तक संपवलं, पानं लावून झाली आणि मुद्रितं एस.टी.च्या पार्सलनं मोर्शीला गेली.

चौथ्या दिवशी गुरुजींचा फोन आला. शेषरावभाऊंचा फोन नेहमीच मोठ्या आवाजावर असल्यामुळे अख्ख्या छापखान्यानं तो ऐकला.

"शेषराव, माह्या बैलाचा दलाल पुण्याले कवा गेल्ता?"

"म्हंजे काय गुरुजी?"

"'मला काहून सांगून राहिला' असं कोन बोलते वऱ्हाडात? 'मले'चं सारीकडं 'मला' केलं, 'तुले'चं 'तुला' केलं, अन् 'काहून' तसंच ठेवलं. एका वाक्यात दोन जिल्हे घातले तुमी. बदलाचं होतं त सारं बदलाचं होतं."

भाऊंनी माफी मागून फोन ठेवला आणि ते पौर्णिमाच्या टेबलाशी आले. रागावले नाहीत. रागावले असते तर बरं, असं तिला नंतर वाटलं.

"सवयीनं झालं असंल बाई," ते म्हणाले. "शुद्ध लिवाची सवय लागली हाये तुह्या हाताले."

"म्या नाई केलं, भाऊ."

"मंग कोनं केलं?"

गुरुजींनी ई-मेलनं धाडलेली मूळ फाईल तिनं ऐकली. तिच्यात 'मले' होतं. तिनं तपासून दिलेली फाईल ऐकली. तिच्यात 'मला' होतं. म्हणजे जे काही घडलं ते तिच्याच संगणकावर, तिच्याच हाताखाली. दोन दिवस तिचं जेवणात लक्ष लागलं नाही. नजर गेली तेव्हा ती लहान होती, फार कळलं नव्हतं. पण आता कानच दगा देऊ लागले तर माणसानं कशाच्या भरवशावर बसायचं? एरवी तिसऱ्या टेबलावर कोण काय पुटपुटलं ते सांगणारी पौर्णिमा समोरच्याला "काय म्हणालात?" असं दोनदा विचारू लागली.

तिसऱ्या दिवशी सकाळी चहा घेताना तिच्या मनात आलं, की आपण पान ऐकतो कधी आणि फाईल जतन करतो कधी? त्या दिवसापुरता भाग वेगळ्या फाईलमध्ये घेतो, आधी ऐकतो, चुका दुरुस्त करतो, सगळ्यात शेवटी जतन करतो आणि बंद करतो. जतन केल्यावर काही आपण पुन्हा ऐकत नाही. ऐकलेलं पान ते ऐकलेलं.

चहा तसाच ठेवून ती टेबलावर आली. मूळ फाईलची नक्कल उघडली, पहिली ओळ ऐकली. 'मले'. ओळीच्या शेवटी फक्त एक मोकळी जागा टाकली, फाईल जतन केली आणि तीच ओळ पुन्हा ऐकली. आवाज शांतपणे म्हणाला, 'मला'.

पौर्णिमा खुर्चीत मागे रेलली आणि मनापासून हसली. कान शाबूत होते. तिनं 'मले'च ऐकलं होतं; तिची पाठ वळल्यावर कुणीतरी त्याचं 'मला' करत होतं.

आता चोर शोधायचा. बोलणाऱ्या आवाजाची ओळ तेवढी जागी ठेवून सुरुवातीच्या फाईलमधल्या बाकीच्यांपैकी अर्ध्या ओळी तिनं झोपवल्या. ओळीच्या तोंडाशी अर्धविराम टाकला की एडिटर ती वाचत नाही. एडिटर नव्यानं सुरू केला, ओळ जतन केली, ऐकली. 'मला'. म्हणजे चोर जाग्या असलेल्या अर्ध्यांत. मग त्यांतल्या अर्ध्या झोपवल्या, मग उरलेल्यांतल्या अर्ध्या. असं सहा वेळा केल्यावर हातात एकच ओळ उरली.

ती ओळ तिनंच महिन्यापूर्वी घातली होती. मराठी शुद्धलेखनाचं एक पॅकेज कुणीतरी नवीन लिहिलं होतं, पुढेमागे बघू म्हणून तिनं ते आणून ठेवलं होतं. पण सुरू करायचा हुकूम तिनं त्याला एकदाही दिला नव्हता. मधल्या काळात आलेलं बाकी काम प्रमाण मराठीतलं होतं, त्यामुळे कुणाला काही जाणवलं नाही. तिनं पॅकेजची फाईल उघडून पहिल्यापासून ऐकली. साठ शब्दांची यादी: मले, तुले, त्याले, पायजे, नाई. 'काहून' त्या यादीत नव्हतं, म्हणून ते बिचारं वाचलं होतं. आणि अगदी तळाशी एक सुटी ओळ होती. फाईल जतन होण्याआधी ही यादी मजकुरावरून फिरवायची, असं ती सांगत होती. ती कुठल्याही हुकमाच्या आत नव्हती. पॅकेज नुसतं आत आलं, की ती आपली आपण चालायची.

पॅकेजच्या माथ्यावर लिहिणाऱ्याचं नाव होतं ललित म्हैसने, सोबत पत्ता. तिनं ई-मेल केला, त्यानं लगेच फोन नंबर पाठवला. निघाला अकोल्याचा, जठारपेठेतला. एका कंपनीचं काम घरूनच करत होता.

"पण मॅडम," तो फोनवर म्हणाला, "पॅकेज घेतलं म्हणजे तुम्हाला ते हवंच असणार ना? म्हणून मी ते आपोआप सुरू ठेवलं. परत हुकूम द्यायचा त्रास कशाला?"

"भाऊ, जुलाबाच्या औषधाची बाटली घरात आनली म्हनून लगेच जुलाब लागले पायजे काय? घेईन तवा लागू द्या ना."

त्याला हसू आलं ते तिला फोनवर ऐकू आलं. तरी त्याला पुरतं पटलं नव्हतं. पौर्णिमाला रविवारी हिवरखेडला जायचंच होतं, अकोल्यावरूनच. "वाटेत येते, दाखवते," असं तिनं सांगितलं.

रविवारी ती लॅपटॉप घेऊन म्हैसन्यांच्या घरी पोचली. ललितनं बसायला दिलं, मग पुढे काय बोलावं ते त्याला सुचेना. आपलं पॅकेज वापरणारं माणूस त्यानं आजवर पाहिलंच नव्हतं. स्वयंपाकघरातून त्याच्या आईचा, इंदूबाईंचा, पोहे परतल्याचा आवाज येत होता.

पौर्णिमानं आवाजाचा वेग कमी केला आणि गुरुजींच्या पुस्तकातली बकरीची गोष्ट लावली. जरा नाकात बोलणारा तो यांत्रिक आवाज वाचू लागला: "मले सांग, माही बकरी तुले दिसली काय?" स्वयंपाकघरातला उलथन्याचा आवाज थांबला. इंदूबाई हात पुसत बाहेर आल्या आणि दाराशीच जमिनीवर बसल्या. बकरीच्या मालकानं दुसऱ्याच नवरा-बायकोचं भांडण मिटवलं तिथे त्या तोंडाला पदर लावून हसू लागल्या.

"कोन बोलून राहिलं हे? आमच्या माहेरचं माणूस वाटते."

"मशीन हाये काकू," पौर्णिमा म्हणाली. "ललितभाऊ, आता जतन करा अन् पुन्हा ऐका."

त्यानं जतन केलं. आवाज पुन्हा सुरू झाला: "मला सांग, माही बकरी तुला दिसली काय?"

इंदूबाईंचं हसू थांबलं. "आता काहून असा बोलून राहिला हा? बरा होता ना आधी."

मग ललितनं हळूहळू सांगितलं. नोकरीच्या पहिल्या वर्षी तो पुण्यात होता. ऑफिसच्या व्हॉट्सॲप गटात एकदा त्याच्याकडून घाईत 'मले येता येणार नाई' असं लिहिलं गेलं, आणि पुढे वर्षभर लोक त्याला 'मले' म्हणूनच हाका मारत. चेष्टाच होती, पण ती त्याला लागली. म्हणून त्यानं ही यादी केली. आपल्या हातून पुन्हा तसं जाऊ नये म्हणून ती अशी बसवली, की विसरायचा प्रश्नच नको.

"हे तू मले कधी सांगतलं नाई," इंदूबाई म्हणाल्या.

"काय सांगायचं त्यात."

पौर्णिमानं विचारलं, "यादी फेकून त नाही देत ना आता?"

"मग काय करू?"

"राहू द्या की. बँकेत अर्ज लिवताना मले लागंल ते. पन मी म्हनीन तवा. अन् बंद कर म्हटलं त पहिल्यासारखं झालं पायजे."

पोहे खाऊन दोघं कामाला बसले. ती तळातली सुटी ओळ ललितनं उचलून सुरू करायच्या हुकमाच्या आत ठेवली आणि बंद करायच्या हुकमात तिची उलट ओळ लिहिली. पौर्णिमानं तपासायला घेतलं. पॅकेज नुसतं आत आणलं आणि जतन केलं: 'मले'. हुकूम दिला: 'मला'. बंद केलं, नवी ओळ लिहून जतन केली: इथे मात्र पुन्हा 'मला' निघालं, कारण ललितनं एका नावात अक्षर चुकवलं होतं. ते पौर्णिमालाच ऐकू आलं. दुरुस्त केल्यावर नीट चाललं. सूचनांमध्ये ललितनं एक वाक्य वाढवलं: हे पॅकेज नुसतं जोडल्यानं तुमच्या मजकुरात काहीही बदलणार नाही. पौर्णिमानं ते वाक्य दोनदा ऐकून पास केलं.

इंदूबाईंनी तिला हिवरखेडची गाडी चुकवायला लावली. आणखी तीन गोष्टी ऐकल्याशिवाय त्या तिला उठूच देईनात. संध्याकाळच्या गाडीला ललित स्वतः तिला बसवून आला. आईशी तो घरात वऱ्हाडीच बोलायचा. स्टँडवर पौर्णिमाशीही तो आता तसाच बोलू लागला होता, ते तिनं टिपलं.

अमरावतीला परतल्यावर तिनं शेषरावभाऊंना सगळं दाखवलं. भाऊंना त्यातलं निम्मं कळलं, पण जे कळायला हवं होतं ते कळलं. "मी उगीच तुह्यावर आळ घेतला," ते म्हणाले आणि त्यांनी स्वतः गुरुजींना फोन लावला.

वामनराव गुरुजींचा मात्र आता कशावरच विश्वास उरला नव्हता. दुसऱ्या फेरीची मुद्रितं मोर्शीला धाडू नका, मीच येतो, असं सांगून ते पहिल्याच एस.टी.नं आले आणि पौर्णिमाच्या शेजारी खुर्ची ओढून बसले. तिनं नेहमीच्या वेगानं आवाज सुरू केला.

"हे काय वाचून राहिलं?" गुरुजी दचकून म्हणाले. "मांगं कुत्रं लागलं काय याच्या?"

तिनं वेग कमी केला. मग गुरुजींना भलतीच गोडी लागली. 'डोया' हा शब्द यंत्राला नीट येत नाही म्हणून ते त्याला मोठ्यानं म्हणून दाखवू लागले, दोन-तीनदा, शाळेतल्या पोराला सांगावं तसं. यंत्र काही सुधारलं नाही. दोन दिवस दोघं बसले, एकशे बत्तीस पानं ऐकून झाली. पौर्णिमानं गुरुजींच्याच पाच चुका काढल्या. एका गोष्टीत बकरी आधी पांढरी होती आणि चार पानांनंतर काळी, हीसुद्धा त्यातलीच. चार चुका गुरुजींनी मुकाट्यानं मान्य केल्या. पाचवीवर ते अडून बसले, तसं आमच्याकडे म्हणतातच म्हणून. मोर्शी आणि हिवरखेडच्या बोलीवरून अर्धा तास वाद झाला, आणि शेवटी पुस्तक गुरुजींचं असल्यामुळे मोर्शीचा शब्द कायम राहिला.