तुळजाबाईंची गोगलगाय

त्या दिवशी मंडईत तुळजाबाईंनी शिंगाडे कमी विकले आणि बातमी जास्त वाटली. "मावशी, जरा कोवळे बघून द्या," असं गिऱ्हाइकानं म्हणायचा अवकाश, बाई सुरू! "देते की. आन् ऐका, एका गोगलगायीला माझं नाव देणार हायेत. सायन्सवाल्या मॅडमनी सांगितलंय."

शनिवार पेठेतले एक आजोबा पिशवी पुढे करत म्हणाले, "अरे वा! आता आडनावही देऊन टाका, म्हणजे तिच्या रेशनकार्डाचं बघता येईल."

बाई खो खो हसल्या. टोमणा लागायला माणसाचे पाय जमिनीवर असावे लागतात, आणि बाई तीन दिवस हवेतच होत्या.

आता हे प्रकरण सुरू कसं झालं ते सांगायलाच हवं. तुळजाबाई मूळच्या हिंगोलीकडच्या, भोयांच्या घरातल्या. गावच्या तळ्यात शिंगाड्याचे वेल आणि त्या वेलांत यांचं बालपण. लग्न करून पुण्याला आल्या, येरवड्यात खोली घेतली. नवरा गेनबा टेम्पो चालवतो. भाऊ भीमराव दर हंगामात गावाहून ट्रकनं शिंगाड्याची पोती धाडतो आणि बाई ती मंडईत विकतात. अठरा वर्षं झाली हे चाललंय.

खोल्यांच्या मागे एक जुनी दगडखाण आहे, बारा महिने पाण्यानं भरलेली. श्रावणातल्या एका सकाळी बाई तिथं धुणं धुवायला गेल्या, तर एक पोरगी कमरेएवढ्या पाण्यात उभी! बाईंनी हातातलं धुणं टाकलं आणि बोंब ठोकली, "अगं ए, जीव द्यायला आमचीच खाण सापडली का तुला?"

"जीव नाही द्यायचा, मावशी. गोगलगायी हव्यात."

"मंग तिथं काय हुडकतीस? त्या खडकाच्या सावलीला बघ की!" एवढं म्हणून बाईंनी पदर खोचला आणि स्वतःच पाण्यात उतरल्या. पाच मिनिटांत ओंजळभर गोगलगायी काढून दिल्या, तपकिरी, पट्ट्यापट्ट्यांच्या.

ती पोरगी म्हणजे कादंबरी. एका संशोधन संस्थेत होती, आणि आपल्याकडच्या गोड्या पाण्यातल्या गोगलगायींचे मायटोकाँड्रियल जीनोम ताडून बघायचे, हे तिचं काम. बाईंच्या खोलीत चहा पिता पिता तिनं ते फोडून सांगितलं. "प्रत्येक पेशीत एक छोटी, वेगळी पोथी असते. सोळा-सतरा हजार अक्षरांची. ती फक्त आईकडून लेकराकडे जाते. दोघींच्या पोथ्या शेजारी ठेवून वाचल्या की कळतं, कोण कुणाच्या किती जवळची."

"आन् बापाचं?" गेनबानं विचारलं.

"एक अक्षरही नाही."

गेनबा बिचारा बशीतला चहा तसाच धरून बसला. बाईंना इतकं हसू आलं की ठसका लागला.

नवरात्रानंतर कादंबरी स्कूटर उडवतच आली. खाणीतल्या गोगलगायीची पोथी पुण्याच्या नदीतल्या, तलावांतल्या एकीशीही जुळत नव्हती. इथल्या आजवरच्या यादीत ती कुठेच नव्हती. "नवीन प्रजाती, मावशी! पुण्याची! आणि हुडकून दिलीत तुम्ही, तेव्हा नाव तुमचंच." झालं, बाईंचं विमान उडालं ते असं.

आणि मग एका सकाळी बाई खाणीवर रिकामी पोती धुवायला बसल्या. दर वर्षी बसतात तशाच. एक पोतं उलटं करून खडकावर आपटलं आणि आतून टपकन एक गोगलगाय पडली. झाकण गच्च मिटलेली. बाईंनी ती ओंजळीत पाणी घेऊन धरली. थोड्या वेळानं झाकण उघडलं, शिंगं बाहेर आली. तपकिरी. पट्ट्यापट्ट्यांची.

बाईंनी खाणीकडे बघितलं, मग पोत्यांच्या ढिगाकडे. अठरा वर्षांची पोती धुतली ती इथंच! गावच्या तळ्यातही अशाच असायच्या; सगळीकडच्या सारख्याच असणार, असं बाई धरून चालल्या होत्या. ही जात अंडी घालत नाही, थेट पिल्लं देते, हे त्यांना लहानपणापासून माहीत. एखादी पोटुशी ओल्या पोत्यातून आली तरी खाणभर गोतावळा व्हायला कितीसा वेळ लागणार? पुण्याची कसली, ही तर गावाकडनं ट्रकनं आलेली!

"गप ऱ्हा," गेनबा म्हणाला. "कुणाच्या बाला कळतंय?"

खरंच कुणाला कळणार नव्हतं. बाईंनी अर्ध्या मंडईला सांगून ठेवलं होतं. नाव हवंसं वाटत होतं, फार वाटत होतं. पण ती पोरगी 'पुण्याची, पुण्याची' म्हणून छापणार, आणि त्या खोट्याला चिकटणार कुणाचं नाव? तुळजाबाईंचं! दुपारपर्यंत बाई तळमळल्या. मग गोगलगाय डब्यात घातली, वर पाणी ओतलं आणि रिक्षा पकडून थेट कादंबरीच्या प्रयोगशाळेत जाऊन धडकल्या.

सगळं ऐकून कादंबरीनं डब्यात डोकावून बघितलं. "मावशी, परवा माझा लेख जायचा होता. अठरा वर्षं पोती धुतलीत, अजून दोन दिवस दम नाही काढवला?" आणि लगेच तिनं बाईंचे दोन्ही हात घट्ट धरले. "वाचवलंत हो मला!"

"मंग नाव गेलं ना?"

"माहीत नाही. आधी तळ्यातल्या वाचायला हव्यात."

भीमरावनं पुढच्याच ट्रकनं दहा गोगलगायी धाडल्या. वर फोनवर विचारलं, "ताई, पुण्यात खायला एवढंच उरलं का?" पुढचा महिनाभर बाई दर सोमवारी कादंबरीला फोन करायच्या आणि "झालं का वाचून?" म्हणायच्या. मंडईत मात्र तोंडाला कुलूप.

शेवटी बोलावणं आलं. पडद्यावर अक्षरांच्या दोन रांगा. "बघा," कादंबरी म्हणाली, "एवढ्या हजारांत फक्त नऊ अक्षरांचा फरक. खाणीतली ती तळ्यातलीच लेक."

"गेलं म्हणा की नाव," बाई हळूच म्हणाल्या.

"कुठं गेलं? तळ्यातली तरी कुणाच्या यादीत होती? शंख तपासले, जिभेवरचे दात तपासले. हिची नोंद आजवर कुणीच केलेली नाही. प्रजाती नवीच आहे मावशी, मी फक्त तिचा पत्ता चुकीचा लिहिला होता!"

अगं बाई! बाईंनी कादंबरीचे हात धरले आणि तिथंच, यंत्रांच्या मधोमध, फुगडी सुरू केली. एक खुर्ची पडली, बाईंची एक चप्पल टेबलाखाली गेली. शेजारच्या खोलीतले शास्त्रज्ञ दारात येऊन उभे राहिले आणि काय चाललंय ते विचारायचंच विसरले.

"बास, बास, चक्कर येतेय," म्हणत कादंबरी धपकन बसली आणि तिनं लेख उघडला. "तर नाव, तुळजाबाई..."

"थांब पोरी." बाईंना धाप लागली होती. "ही सारी अक्षरं आईकडनंच आली म्हणतीस ना?"

"हो."

"मंग माझं नगं. माझ्या आईचं लाव. मुक्ताबाई." त्यांनी तोंडावरून पदर फिरवला. "चाळीस वर्षं छातीएवढ्या पाण्यात शिंगाडे तोडले गं तिनं. तळ्याचा ठेका आधी आज्याच्या नावावर, मंग बाच्या, आता भीमरावच्या. घराच्या उताऱ्यावर ती न्हाई. माझ्या लग्नाच्या पत्रिकेत निस्तं बाचं नाव. मेली तवा तिचं नाव लिहिलेला एक कागद घरात सापडला न्हाई."

कादंबरीनं ते नाव टाइप केलं, त्याला शास्त्राच्या रीतीप्रमाणे लॅटिन शेपूट जोडलं आणि पडदा बाईंकडे वळवला. बाईंना इंग्रजी अक्षरं येत नव्हती. तेव्हा तिनं तळ्यातल्या गोगलगायीची बाटली घेतली आणि तिच्या चिठ्ठीवर पेन्सिलीनं मराठीत लिहिलं.

तुळजाबाईंनी बोट ठेवून एकेक अक्षर वाचलं. मु. क्ता. बा. ई. मग त्या रडत रडत हसायला लागल्या. "आई," त्या म्हणाल्या, "लागलं गं तुझं नाव."